सिसिलबाई आणि त्यांचा ‘तो’

सिसिलबाई कधीच वाक्य पहिल्यापासून सुरू करत नसत. कुंपणापलीकडून एकदम आवाज यायचा, "...आणि वर म्हणतो कसा, अंडी आता पुढच्या वर्षी!" ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं, की आधीचं अर्धं वाक्य त्या रस्त्याने येता येता एकट्याच बोलून आल्या आहेत. माझी आई हे छान सांभाळून घ्यायची. ती नुसतं "बघा ना!" म्हणायची. "बघा ना" कुठल्याही वाक्यानंतर चालतं. मला तेवढंही जमत नसे. दाराची घंटा वाजली की मी आतल्या खोलीत जाते, आणि पाहुणे उठेपर्यंत मला खूप काम असतं.

कॉलेज संपवून मी दोन वर्षं घरी बसले होते, तेव्हा सिसिलबाई मला रोज ऐकू येऊ लागल्या. त्यांच्या बोलण्यात एक ‘तो’ सारखा यायचा. तो हल्ली हात आखडतो. तो कबूल करतो आणि विसरतो. त्याला पोरांची फिकीर नाही. त्याने मावशीला घरी बसवलं आणि दुसरी काही आणली नाही. हे शेवटचं ऐकल्यावर मी हादरलेच. सिसिलबाईंचे यजमान फ्रान्सिसकाका म्हणजे इतके गरीब चेहऱ्याचे गृहस्थ, की वाडीतली कोंबडी आडवी आली तर तेच वळसा घालून जायचे. रोज दुपारी ते बाईंचा डबा घेऊन आमच्या दारावरून जायचे आणि मला बघून हसायचे. मी हसणं बंद केलं. आठवडाभराने आईच्या ते लक्षात आलं.

"काकांशी काय वाकडं आहे तुझं?"

मी सांगितलं. आई हसता हसता ओट्याला टेकली. "अगं वेडे, ‘तो’ म्हणजे सरकार!"

आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सिसिलबाई नवऱ्याला "फ्रान्सिस!" अशी चार वाड्यांपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारत, नाव घ्यायच्या नाहीत त्या फक्त सरकारचं. तीस वर्षं त्यांनी त्याच्याबरोबर संसार केला होता, असं त्या म्हणत. आमचं गाव गिरीजच्या जवळचं. नाक्यावरच्या क्रुसाशेजारी पत्र्याच्या छपराची एक खोली आहे, ती त्यांची अंगणवाडी. सुरुवातीला तो बरा होता म्हणे. अंडी द्यायचा, खेळणी द्यायचा, भिंती रंगवून द्यायचा, मदतनीस दिली होती. "मग त्याला बाहेरचे नाद लागले," बाई म्हणायच्या. हे नाद कोणते, ते त्या सांगत नसत. पण नव्या पुलाच्या किंवा रस्त्याच्या उद्घाटनाचा मोठा फलक दिसला, की त्याच्याकडे सवतीकडे बघावं तशा बघत.

गावातली बहुतेक मुलं इंग्रजी नर्सरीत जायची. मीही गेलेली. अंगणवाडीत रोज बसायची ती वाड्यांवर कामाला असलेल्या मजुरांची दहा-अकरा मुलं. त्यांची घरं म्हणजे केळीच्या बागांच्या कडेला, प्लास्टिकच्या ताडपत्रीची. गावातल्या बाकीच्या लहान मुलांची वजनं घेणं, लसीची आठवण करणं, बाळंतिणींकडे जाणं हेही बाईंचंच काम. वीस वर्षं शेजारी राहूनही मी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. याची मला लाज वाटली असती, पण तोपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एक दिवस त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या. मला आतल्या खोलीत जायला वेळच मिळाला नाही.

"...म्हणून हिलाच घेऊन जाते. गे बाय, तू इंग्लिश मीडियम ना?"

हा प्रश्न आमच्या गावात रक्तगट विचारावा तसा विचारतात. तुमच्याविषयी कुतूहल म्हणून नव्हे. कुणाला तरी गरज पडलेली असते.

पूर्वी बाईंकडे रजिस्टरं होती. ती बंद करून त्याने एक मोबाईल दिला होता आणि सगळी माहिती त्यात भरायला सांगितली होती. मोबाईल दिला, दुरुस्तीचं काही दिलं नाही. काचेला तडा गेलेला. त्यात कुणा पोराने कुठेतरी बोट लावलं आणि तो संपूर्ण इंग्रजीत गेला. बाईंनी त्याला परत मराठीत आणायचे बरेच प्रयत्न केले होते. एकदा कानाखाली वाजवल्यासारखी चापटीही मारून पाहिली होती.

मी दोन मिनिटांत भाषा बदलून दिली. तिथेच सुटले असते. पण बाईंनी फोन हातात घेतलाच नाही. "आता उघडलाच आहेस तर आजची हजेरी टाकून दे," म्हणाल्या. ती हजेरी मी पुढे दीड वर्ष टाकत होते. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, हा लाजाळू माणसांचा मोठा तोटा आहे.

त्या हजेरीसाठी अंगणवाडीत गेल्यावर पहिल्याच दिवशी मी एक विलक्षण गोष्ट पाहिली. मदतनीस मावशी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पद रिकामं होतं आणि भरायचं नाही असं वरून आलं होतं. खिचडी शिजवणं, भांडी, झाडलोट, मुलांना घरून आणणं ही मावशीची कामं. ती आता कोण करणार, असं बाईंनी वर विचारलं. उत्तर आलं नाही. तेव्हा बाईंनी तोडगा काढला. साडेनऊला त्या खात्याच्या साडीवर निळा एप्रन बांधत आणि मावशी होत. साडेअकराला एप्रन काढत आणि बाई होत. मधल्या वेळात त्यांना शिकवण्यातलं काही विचारलं तर सरळ सांगत, "बाई नाहीत. साडेअकरानंतर या."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण मुलांना यात काही गंमत वाटत नव्हती. एप्रन असला की ती "मावशी" म्हणत, नसला की "बाई". सोमी नावाची चार वर्षांची मुलगी होती, काडीसारखी, नाकात कायम बोट. ती एकदा चुलीपाशी येऊन कुजबुजली, "मावशी, बाईनं मला काल मारला."

"हो?" एप्रनमधल्या सिसिलबाई म्हणाल्या. "लई वाईट आहे ती. सांगते हां तिला."

आणि साडेअकराला एप्रन काढल्यावर त्या सोमीजवळ जाऊन म्हणाल्या, "मावशी मला काय काय बोलली गं आज! पुन्हा नाही मारणार." सोमीचं समाधान झालं. माझंही झालं.

असं सगळं निभत होतं. मग वजनकाटा मोडला.

मुलांची दर महिन्याला वजनं घ्यावी लागतात. बाईंचा काटा लटकता होता. गोल तबकडी, खाली हूक, त्याला झोळी अडकवायची. त्याची स्प्रिंग गेली. बाईंनी मागणीचा अर्ज केला. उत्तर आलं की निधी उपलब्ध झाल्यावर विचार केला जाईल. मी ते वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाही त्याला." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "पास्कूकडे आहे की काटा."

पास्कूमामा म्हणजे बाईंचे चुलतभाऊ. आमच्या भागातली केळी व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढण्याआधी त्यांच्या काट्यावर जायची. वय सत्तरच्या आसपास, बनियन, कानामागे पेन्सिल. जांभळाच्या फांदीला काटा टांगलेला. घड अडकवला की मामा एक नजर टाकत आणि आकडा ओरडत, आणि त्या आकड्यावर आजवर कुणी वाद घातलेला नव्हता. बाईंनी निरोप धाडला आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावातली सगळी लहान मुलं जांभळाखाली जमली. नर्सरीवाली, मजुरांची, कडेवरची, रांगणारी. केळीचे घड एका बाजूला, पोरं एका बाजूला. घड गप्प होते, एवढाच फरक.

बाईंच्या जुन्या साडीची झोळी केली. बाई एकेका रडणाऱ्या पोराला झोळीत घालत आणि ते रडायचं थांबेपर्यंत त्याच्यासमोर कोंबड्याचा आवाज काढत. मामा तबकडीकडे बघून आकडा सांगत. मी फोनमध्ये भरत होते.

इथे माझी एक अडचण सांगायला हवी. मामा आकडे "पावणेआठ", "सव्वादहा" असे सांगत. मी इंग्रजी शाळेतली. "पावणेआठ" ऐकलं की मला आधी आठ आठवायचे, मग त्यातून पाव काढायचा, मग ते दशांशात करायचं; तोवर पुढचं पोर झोळीत असायचं. या हिशोबात मी इतकी बुडाले होते, की तबकडीकडे एकदाही पाहिलं नाही. वयाला वजन कमी पडलं की फोनवर नाव लाल-पिवळं होतं, तशी एकामागून एक नावं लाल होत होती, पिवळी होत होती. ते मला दिसलं. विचारावंसंही वाटलं. पण तिथे तीस-चाळीस बायका होत्या आणि त्या सगळ्यांसमोर मोठ्याने बोलावं लागलं असतं. मी माहिती पाठवून दिली.

दोन आठवड्यांनी दोन गोष्टी एकदम आल्या.

पहिली गोष्ट म्हणजे पत्र. खर्चकपातीमुळे कमी मुलं असलेली केंद्रं जवळच्या केंद्रात मिळवली जाणार होती. आमचं केंद्र मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या केंद्रात. तो रस्ता म्हणजे दिवसभर डंपर आणि पाण्याचे टँकर. पलीकडचं केंद्र चालत अर्ध्या तासावर. वाडीवर पहाटेपासून राबणारी आई आपलं पोर तिथे सोडायला जाणार नाही, हे कुणीही सांगितलं असतं. पोर दिवसभर बागेच्या कडेला बसून राहील आणि दुपारची खिचडी बंद होईल. पत्र ऐकून सिसिलबाईंनी नुसता एप्रन काढला, घडी केली, परत बांधला.

दुसऱ्या दिवशी जीप आली.

जीपमध्ये एक डॉक्टर, एक नर्स आणि आमच्या भागाच्या सुपरवायझर मॅडम. मॅडम स्वभावाने भल्या होत्या. पण त्यांच्याकडेही दोघींचं काम एकटीवर आलेलं, त्यामुळे चेहरा कायम झोप न झाल्यासारखा. त्यांनी उतरल्या उतरल्या विचारलं, "बाई, काय झालं काय तुमच्या गावात? एका महिन्यात पंचवीस मुलं कुपोषित? साथ आली का?"

"कोण कुपोषित?" बाई म्हणाल्या.

मॅडमनी यादी वाचली. पहिलं नाव रॉनीचं. रॉनी म्हणजे पास्कूमामांचा नातू, वर्षाचा. त्याचे गाल इतके होते की समोरून कान दिसत नसत. त्याला आणलं. डॉक्टरांनी त्याला हातात घेतलं, जरा वरखाली केलं, आणि यादीकडे पुन्हा बघितलं. "साडेसात किलो?"

तोवर रॉनीची आई पोचली होती. "माझ्या पोराला कुपोषित कोण म्हणतो? रोज अंडं खातो तो! तुमच्या सरकारचं नाही, घरच्या कोंबडीचं!" मागोमाग बाकीच्या आया आल्या. प्रत्येकीच्या कडेवर पुरावा होता. डॉक्टर जीपच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

जीपमधून नवा कोरा इलेक्ट्रॉनिक काटा निघाला. रॉनी साडेदहा भरला. दुसरं मूल यादीत अकरा, काट्यावर चौदा. तिसरं सव्वादहा, काट्यावर सव्वातेरा. प्रत्येक वेळी बरोबर तीन किलोंचा फरक. मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. माझे कान गरम झाले. मी म्हणाले, म्हणजे बहुतेक माझ्या ओठांनी म्हटलं, "मामांनी सांगितलं तेच भरलं."

पास्कूमामा गर्दीत मागे उभे होते. त्यांना पुढे ढकलण्यात आलं.

"मामा, तुमचा काटा तीन किलो कमी दाखवतो का?"

"माझा काटा?" मामांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "चाळीस वर्षांत एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही!"

"मग हे तीन किलो गेले कुठे?"

"ते दांडा-पाल्याचे," मामा म्हणाले.

डॉक्टर नर्सकडे बघू लागले. मामांना वाटलं, शहरातल्या माणसांना समजलं नसेल, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. "घडाला मधला दांडा असतो, त्याचे दोन. वरून ओला पाला गुंडाळतो, त्याचा एक. तीन किलो सोडूनच वजन सांगायचं असतं. नाहीतर व्यापारी उभा करेल का?"

"अहो पण मुलांना दांडा कुठला?" डॉक्टर म्हणाले.

मामांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "तेही खरंच," ते म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाही. आकडा तोंडातून आपोआप वजा होऊन येतो हो."

आधी नर्स हसली. मग मॅडम हसल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवेना. भिंत धरून डोळे पुसत राहिल्या. मला वाटतं, बऱ्याच महिन्यांनी हसल्या असतील. रॉनीच्या आईने तेवढ्यात मामांना, म्हणजे स्वतःच्या सासऱ्यांना, भर गर्दीत विचारलं, "स्वतःच्या नातवाचे पण तीन किलो खाल्ले?"

पुन्हा सगळी वजनं झाली. एकेक नाव हिरवं होत गेलं. शेवटी सोमी. ती पावणेअकरा भरली. यादीत पावणेआठ होतं, ते सुधारलं. पण नाव लालच राहिलं.

डॉक्टरांनी तिचा दंड मोजला, डोळ्यांच्या खालची कातडी ओढून पाहिली. सोमीची आई हाताला चिखल तसाच घेऊन आली होती. "खात नाय ती," ती म्हणाली. "निसती पानी पिते."

"इथे खाते," बाई म्हणाल्या. "दोन वाट्या खिचडी. रविवारी बंद असतं तेव्हा नाही खात."

मॅडमनी बाईंना खोलीत बोलावलं. मी कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली होते. मी आहे हे लोकांच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे मला बरंच ऐकू येतं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, हे मी सांगितलं असं कुठे म्हणू नका. ही सुधारलेली यादी आज पाठवली नाही तर? पंचवीस मुलं लाल असलेलं केंद्र बंद करायची कुणाची छाती नाही. वर्ष तरी निघेल. मग दर महिन्याला थोडी थोडी हिरवी करू."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांना ते हवं होतं. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी एकदा त्या खोलीकडे पाहिलं, गळक्या कोपऱ्याखालच्या बादलीकडे, उलट्या घातलेल्या अकरा वाट्यांकडे.

"आणि कन्फेशनला काय सांगू?" त्या म्हणाल्या. "आपला फादर रॉनीच्याच आईचा भाऊ. त्याला लगेच कळेल."

मॅडम थोड्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. "तसं नाही मॅडम. मी त्याला ओळखते. पंचवीस लाल बघितली की तो घाबरणार. जीप पाठवणार, फोटो काढणार, पंचवीस पाकिटं वाटणार. रॉनीलाही एक देणार. आणि त्या घोळक्यात ही कुठे दिसणार? त्याला एकच दाखवा. एकच पोरगी. म्हणजे दुसरीकडे बघायला जागा नको."

"मग केंद्र जाईल."

"जाईल."

"आणि तिचा जादा आहार पलीकडच्या केंद्रात मिळेल. रोज. तिथे कोण नेणार तिला?"

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाय, खरी पाठव." मी बटण दाबलं. तडा गेलेल्या काचेवर सोमीचं नाव तेवढं लाल होतं.

जाताना नर्सने इलेक्ट्रॉनिक काटा जीपमध्ये ठेवला. बाई धावत गेल्या. "हा राहतो ना इथे?" नाही म्हणे, तालुक्याला असे दोनच आहेत.

पुढच्या महिन्यात खोलीला कुलूप लागलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, तेवढं बाईंनी पलीकडच्या केंद्रात काढायचं ठरलं. त्याच सुमारास मला पुण्यात नोकरी लागली. निघायचं त्या सकाळी मी सामान घेऊन रिक्षात बसले. मोठ्या रस्त्याला लागलो आणि सगळं थांबलं. दोन्ही बाजूंनी भोंगे. आमचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "ए बाई! काय चाललंय?"

रस्त्याच्या मधोमध सिसिलबाई होत्या. एक हात वर, थेट एका डंपरच्या नाकासमोर. दुसऱ्या हातात सुंभाची दोरी, आणि ती दोरी धरून रांगेत दहा-अकरा मुलं. सगळी पलीकडे पोचली होती, शेवटची सोडून. सोमी मध्येच थांबली होती. तिच्या चपला उलटसुलट पायांत होत्या आणि एक निसटली होती. डंपरवाला ओरडत होता, टँकरवाला ओरडत होता. बाईंनी वर केलेला हात तसाच ठेवला, आणि त्या भर रस्त्यात खाली बसल्या.

"डावी कुठली?" त्यांचं बोलणं मला रिक्षातून ऐकू येत होतं. "नाही. नीट बघ. घाई नाही आपल्याला."

सोमीने नाकातलं बोट काढलं आणि दोन्ही चपलांकडे आलटून पालटून पाहिलं. मग एक उचलली, आणि परत खाली ठेवली.

डंपरवाल्याने इंजिन बंद केलं.